शेतकरी कंपनीने ट्रायकोडर्मा बनवून सभासदांना द्यायचा, तर परवाना कोणता लागतो? (रावेर)

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची मागणी आहे की हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी मेटारायझियम या उपयोगी बुरशींचं औषध कंपनीनेच तयार करावं आणि येईल त्या खर्चात सभासदांना द्यावं. खोली आहे, मोठा प्रेशर कुकर घेता येईल. परवाना लागतो का? लागत असेल तर कुणाचा? आणि आणखी एक. दुकानात 'जैविक' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर नोंदणी क्रमांकच नसतो. त्या कुठल्या कायद्याखाली विकल्या जातात?

कलम_अठरा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. स्वतःच्या शेतात वापरायला बनवलं तर कुणी अडवत नाही. दुसऱ्याच्या हातात दिलं की नोंदणी लागते, मग नफा असो वा नसो.

ट्रायकोडर्मा, मेटारायझियम, बिव्हेरिया (बुरशी), स्युडोमोनास (जिवाणू), एनपीव्ही (अळ्यांना मारणारा विषाणू), कडुनिंबावर आधारित औषधं, हे सगळं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतं. माणसाला विषारी आहे की नाही हा मुद्दाच नाही. कायद्याच्या अनुसूचीत नाव असलेला माल कीड किंवा रोग मारण्यासाठी दिला की तो कायद्याच्या भाषेत कीटकनाशक. कलम ३८ ने घरच्या वापराला, परसबागेला आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीला सूट दिलेली आहे. दशपर्णी, निंबोळी अर्क किंवा घरी वाढवलेला ट्रायकोडर्मा स्वतःच्या वावरात टाकणं याच सुटीत बसतं.

पण कलम १८ नीट वाचा. नोंदणी नसलेलं कीटकनाशक विकणं, विक्रीसाठी साठवणं, मांडणं, वाटणं आणि वाहून नेणं, या सगळ्याला तिथे मनाई आहे. 'वाटणं' हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. 'विक्री'च्या व्याख्येत उधारी येते आणि विकण्यासाठी जवळ बाळगणंही येतं. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, सभासद वेगळा. त्यामुळे "आमचेच भागधारक आहेत" हे कारण चालत नाही.

केळीबाग_रावेर
म्हणजे रास्त खर्चात दिलं तरी नोंदणी? मग नोंदणीचा रस्ता सांगा. किती लांब आहे?

कलम_अठरा
लांब आहे, पण ठरलेला आहे. अर्ज फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे जातो. जैविकासाठी दोन वाटा: कलम ९(३ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी, नाहीतर ९(३) खाली कायमची. जैविक मालाला ९(३ब) वर असतानाही विक्री करता येते, ही सरकारने दिलेली खरी सवलत. त्या दोन वर्षांत उरलेली माहिती गोळा करून ९(३) कडे जायचं असतं.

अर्जासोबत काय लागतं, तर बुरशीचा नेमका स्ट्रेन (उपप्रकार) आणि तो राष्ट्रीय संग्रहात ठेवल्याचा क्रमांक, जिवंत बीजाणूंची मोजणी, दूषितपणाची तपासणी, विषारीपणाच्या चाचण्या (उंदरावर तोंडाने, कातडीतून, श्वासातून, डोळ्यांची जळजळ, मासे, पक्षी, मधमाशी, गांडूळ), शेतातल्या परिणामकारकतेचे निष्कर्ष, टिकाऊपणाची माहिती आणि लेबलचा मसुदा. नोंदणी मिळाली की उत्पादनाचा परवाना कलम १३ खाली राज्याकडून. दुकानात विकायचं तर विक्री परवाना वेगळा, आणि त्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयाचा पदवीधर किंवा मान्यताप्राप्त कृषी पदविकाधारक लागतो.

एका तालुक्याच्या कंपनीला विषारीपणाच्या चाचण्या स्वतः करणं परवडत नाही. म्हणून ज्यांच्याकडे स्ट्रेन आणि माहिती दोन्ही आहेत अशा संशोधन संस्थेशी करार करतात. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था अशी तंत्रज्ञानं परवान्यावर देते. स्ट्रेन त्यांचा, कारखाना तुमचा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यातलं काहीच करू नका. आधी नोंदणीकृत उत्पादकाचा किंवा विद्यापीठाचा माल घ्या, त्यांच्याकडून उगम प्रमाणपत्र (त्यांचा माल विकायची लेखी संमती) घ्या, ते कंपनीच्या कृषी सेवा केंद्राच्या परवान्यात समाविष्ट करून घ्या आणि विका. सभासदांना रास्त भावात ताजा माल मिळतो आणि खप किती आहे हेही कळतं.

बुरशीघर_धुळे
कायद्याचं भाऊंनी सांगितलं. मी खोलीच्या आतलं सांगते, कारण 'बुरशी तर आपोआप वाढते' या समजुतीने बरेच गट फसतात.

स्वतःच्या वावरापुरतं ज्वारीवर वाढवायचं तर असं करा. अर्धा किलो ज्वारी रात्रभर भिजवा, निथळा, अर्धवट शिजवा. दाणा बोटांत दाबला की मऊ लागावा, पण फुटू नये. कपड्यावर पसरून वरचं पाणी जाऊ द्या. जाड पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत एक तृतीयांशच भरा, तोंडाला पाइपचा तुकडा आणि कापसाचा बोळा लावा. कुकरमध्ये १५ पौंड दाबावर पाऊण ते एक तास ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर बंद खोलीत, पंखा न लावता, मातृकल्चर (शुद्ध बुरशीचं विरजण) सोडा. २५ ते २८ अंशांत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरं जाळं दिसलं की पिशवी हलवून दाणे सुटे करा. दहा-बारा दिवसांत सगळा दाणा हिरवा होतो.

बिघडतं कुठे, तर दाणा जास्त शिजला की त्याचे गोळे होतात, आत हवा जात नाही आणि जिवाणू वाढून आंबट वास येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-४० अंशांवर जाते, तेव्हा ट्रायकोडर्मा थांबतो आणि काळी किंवा पिवळट बुरशी पुढे जाते. पिवळट-हिरवी दिसली तर ती अस्परजिलस असू शकते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. अशी पिशवी उघडू नका, वास घेऊ नका. तशीच बंद कुकरमध्ये पुन्हा तासभर शिजवून पुरून टाका. म्हणून हे काम जुलै ते फेब्रुवारीतच करा.

तयार दाणे वाळवत बसू नका. एकरी एक ते दोन किलो घेऊन १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलं पोतं झाकून सावलीत आठवडाभर ठेवा आणि जमिनीत ओल असताना टाका. कच्च्या शेणात टाकाल तर त्याच्या उष्णतेनेच मरेल.

बाजारात विकायचा माल म्हणजे वेगळी गोष्ट. तिथे टाल्कवरची (शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेली) पावडर लागते, आर्द्रता ८ टक्क्यांच्या आत, ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू (लेबलवर २ गुणिले दहाचा सहावा घात असं छापलेलं असतं), इतर जिवाणू-बुरशी ग्रॅमला १० हजारांच्या आत, आणि साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ अजिबात नकोत. बिव्हेरिया, मेटारायझियम, स्युडोमोनास यांना ग्रॅमला १० कोटी. द्रव माध्यमात वाढवलेल्या ट्रायकोडर्मात बीजाणू कमी आणि धागे जास्त असतात. पावडर आज मोजली तर आकडा भरतो, पण दोन-तीन महिन्यांत धागे मरतात. बरेच नवे उत्पादक इथेच अडकतात. दाण्यावर वाढवून चाळलेले बीजाणू जास्त टिकतात.

शिरपूरना_आबा
ताईनी बठ्ठं बराबर सांगं. मना एक सवाल शे. दुकानमधली पुडी जित्ती शे का मरेल, हाई घर बसी कसं कळी? मोजायला लॅब कुठे शोधायची?

बुरशीघर_धुळे
आबा, मोजता येत नाही, पण जिवंत आहे की नाही ते कळतं. मूठभर तुकडा तांदूळ शिजवून काचेच्या बरणीत घाला, बरणी कापसाने बंद करून कुकरमध्ये अर्धा तास ठेवा. थंड झाल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून गार केलेल्या चमच्याने पुडीतली चिमूटभर पावडर टाका आणि बोळा परत लावा. सोबत दुसरी बरणी तशीच, पावडर न टाकता ठेवा. दोन्ही बरण्या सावलीत, घरातल्या थंड कोपऱ्यात. ट्रायकोडर्मा असेल तर दोन-तीन दिवसांत पांढरं जाळं आणि पाच दिवसांपर्यंत हिरवा थर. बिव्हेरिया हळू वाढते, पांढरीच राहते, आठवडा लागतो. पावडर न टाकलेल्या बरणीतही काही उगवलं तर तुमची बरणीच निर्जंतुक झाली नव्हती, परत करा. दोन्ही कोऱ्या राहिल्या तर पुडी मेलेली. बरणी उघडायची नाही, बाहेरूनच बघायचं. यातून ग्रॅमला किती आणि स्ट्रेन कोणता हे कळत नाही, फक्त माल मेलेला आहे का एवढं कळतं. तेवढ्यानेही पैसे वाचतात.

लेबलवाचक_जळगाव
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण खरी फसवणूक तिथे आहे.

'जैविक', 'सेंद्रिय', 'हर्बल', 'ऑरगॅनिक' या शब्दांना बाटलीवर कायद्याने काही वजन नाही. वजन आहे ते नोंदणी क्रमांकाला. खऱ्या जैविक कीटकनाशकावर सी.आय.आर. ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, लॉट नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, स्ट्रेनचं नाव, जिवंत बीजाणूंचा आकडा, रंगीत त्रिकोण आणि सोबत माहितीपत्रक असतं. यातलं काही नसेल आणि बाटलीवर अळीचं चित्र असेल, तर ती बाटली पीक वाढवणारं द्रावण, बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ), 'वनस्पती अर्क' अशा नावाने मागच्या दाराने आलेली असते.

हे दार बंद करायला २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये बायोस्टिम्युलंटसाठी नियम आणले. तात्पुरत्या प्रमाणपत्रांना मुदतवाढी मिळत मिळत शेवटची तारीख १६ जून २०२५ ठरली. त्यानंतर ज्याचं नाव आदेशाच्या सहाव्या अनुसूचीत नाही तो माल विकता येत नाही. या मालात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) जास्त असता कामा नये, असंही त्यात लिहिलंय. म्हणजे बायोस्टिम्युलंटच्या बाटलीने अळी मरत असेल, तर कुठला तरी एक नियम नक्की मोडलेला आहे.

ओळखायची एक खूण. खरी बिव्हेरिया-मेटारायझियम फवारली की अळी किंवा तुडतुडा मरायला चार ते सात दिवस लागतात, आणि दमट हवा असेल तर मेलेल्या किडीवर पांढरी किंवा हिरवी बुरशी चढते. सकाळी फवारून संध्याकाळी अळ्यांचा सडा पडला तर त्यात रसायन आहे. काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थोडी पावडर टाका. टाल्कवरची बुरशी गढूळ होऊन खाली बसते. पावडर म्हणून घेतलेल्या बुरशीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं, विद्रावकाचा वास आला, तर थांबा. (कडुनिंबाचं तेल मात्र त्यातल्या इमल्सिफायरमुळे, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणाऱ्या पदार्थामुळे, दुधाळच होतं, त्यावरून गोंधळू नका.)

आणि खतासोबतचं लिंकिंग. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली 'जैविक' बाटली गळ्यात मारली जाते. सक्ती करायला विक्रेत्याला कुठलाही आधार नाही. दोन्ही वस्तूंचं पक्कं बिल मागा. लॉट नंबरसहित बिल असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केलेली तक्रार उभी राहते, नाहीतर बोलाचीच कढी.

केळीबाग_रावेर
रसायन मिसळलेल्या जैविकाची भीती आम्हाला निर्यातीमुळेही आहे. आखाती देशांत जाणाऱ्या केळीत अंश सापडला तर शेतकऱ्याच्या फवारणी नोंदीत ते औषधच नसतं. तो सिद्ध काय करणार?

लेबलवाचक_जळगाव
अगदी बरोबर. म्हणून निर्यातीच्या बागेत नवीन जैविक उत्पादन वापरण्याआधी कंपनीने एका लॉटची अंश तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी आणि त्या लॉटची एक सीलबंद बाटली कपाटात ठेवावी. खर्च एकदाच, विभागून येतो.

मिरची_पपई_शहादा
कडुनिंबाच्या बाबतीत लोक बाटलीचा भाव बघतात, पीपीएम बघत नाहीत, म्हणून हिशेब मांडतो. ३०० पीपीएमच्या एक लिटर बाटलीत अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातला कीड रोखणारा घटक) साधारण ०.३ ग्रॅम. १५०० मध्ये १.५ ग्रॅम. १०,००० मध्ये १० ग्रॅम. म्हणजे शेवटची बाटली पहिलीच्या तेहतीस पट. तिप्पट भावाने मिळाली तरी ती स्वस्तच. आणि घरी करायचं तर ५ टक्के निंबोळी अर्कासारखं स्वस्त काही नाही. ५ किलो निंबोळीचं भरड पीठ १० लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळा, वेगळ्या लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला, एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. जुनी, बुरशी लागलेली निंबोळी घेतली की सगळं वाया.

एनपीव्हीचंही तसंच. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी हेक्टरी २५० एल.ई. अशी शिफारस असते. एक एल.ई. (लार्व्हल इक्विव्हॅलंट, एका अळीइतकी मात्रा) म्हणजे ६०० कोटी विषाणूकण. बाटलीत मिलीला १०० कोटी असतील तर २५० एल.ई. भरायला दीड लिटर लागेल, ६०० कोटी असतील तर पाव लिटर. 'पंपाला किती मिली' हा प्रश्न लेबलवरची ताकद न वाचता विचारूच नये. फवारणी सूर्य कलल्यावर, अळी लहान असताना, पाण्यात थोडी नीळ घालून, कारण उन्हातले अतिनील किरण विषाणू मारतात.

कलम_अठरा
ताकदीचा विषय निघाला म्हणून नमुन्यांबद्दल लिहितो. जैविकावर नियंत्रण ढिलं का राहतं, याचं मोठं कारण कायद्याच्या साच्यात आहे. निरीक्षक नमुना काढतो तेव्हा त्याचे तीन भाग करून सील करतो. एक विक्रेत्याकडे, एक विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी. विश्लेषकाचा अहवाल ३० दिवसांत यायला हवा, आणि तो मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान देता येतं. रसायनाला हे ठीक आहे. मोनोक्रोटोफॉस कपाटात महिनाभर राहिलं तरी तेवढंच राहतं. ट्रायकोडर्मा मात्र जिवंत आहे. पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात महिनाभर ठेवलेल्या भागात निम्मे बीजाणू मेलेले असतील, तर दुसऱ्या तपासणीत काय निघणार? उत्पादक म्हणतो वाहतुकीत मेलं, विक्रेता म्हणतो आलंच तसं. दोघंही खरं बोलत असू शकतात. मग प्रकरण लटकतं.

यावर उपाय सोपा आहे आणि तो नियमांत यायला हवा. जैविकाचा नमुना थंड पेटीत न्यायचा, तिन्ही भाग थंड ठेवायचे, आणि लेबलवर साठवणीचं कमाल तापमान ठळक छापायचं. तोवर आपल्यापुरतं एवढं करा की खरिपाचा जैविक माल मे महिन्यात भरू नका. पहिला पाऊस पडून हवा निवल्यावर, उत्पादनाची तारीख बघून ताजा लॉट मागवा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर असताना ट्रॅव्हल्सच्या टपावरून आलेली पेटी घेऊ नये.

बुरशीघर_धुळे
आणि मिसळताना: ट्रायकोडर्माच्या आगेमागे किमान आठवडाभर कार्बेन्डाझिम किंवा तांबेयुक्त बुरशीनाशक त्याच जमिनीत देऊ नका. स्युडोमोनाससोबत स्ट्रेप्टोमायसिन नको. यावल-रावेरात केळीला ठिबकमधून ट्रायकोडर्मा देणारे बरेच आहेत. त्यांनी ठिबकला क्लोरीन दिलं असेल तर लाइन साध्या पाण्याने धुवून मगच द्यावं. पावडर आधी बादलीत कालवून, वरचं पाणी फडक्याने गाळून सोडा, नाहीतर टाल्कने ड्रिपर बंद होतात.

तापीकाठ_चोपडा
परवान्याची गोष्ट एवढी अवघड फक्त आपल्याकडेच आहे का? ब्राझीलमध्ये शेतकरी स्वतः बनवतात असं ऐकतो.

कलम_अठरा
ब्राझीलने २०२४ च्या डिसेंबरात जैविक निविष्ठांचा स्वतंत्र कायदा केला, क्रमांक १५०७०. त्यात स्वतःच्या वापरासाठीच्या उत्पादनाला उत्पादनाची नोंदणी लागत नाही, आणि हे उत्पादन सहकारी संस्थेने किंवा शेतकऱ्यांच्या गटाने मिळून केलं तरी चालतं. मुख्य अट ही की ते विकायचं नाही. म्हणजे रावेरच्या भाऊंचा जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर तिथल्या कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे ते कलम ३८ मध्ये 'स्वतःच्या जमिनी'पाशीच थांबतं.

आफ्रिकेत साहेल पट्ट्यातल्या देशांनी एक सामायिक समिती नेमून एकाच नोंदणीवर अनेक देशांत विक्रीची सोय केली. टोळांसाठीची मेटारायझियम बुरशी त्या भागात अशीच पोचली. केनियात कीडनियंत्रण उत्पादन मंडळाने जैविकांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं ठेवली आहेत. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये सूक्ष्मजीव, वनस्पतिजन्य आणि कामगंधाच्या उत्पादनांसाठी वेगळे निकष सुचवले, कारण रसायनाची फूटपट्टी बुरशीला लावली की लहान उत्पादक संपतो आणि भेसळवाला तर नोंदणी करतच नाही. आपल्याकडे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं. पण गटाने स्वतःपुरतं बनवण्याची वाट जो कायदा स्पष्ट करील तोच आपल्या उपयोगाचा, आणि ती मागणी कंपन्यांनी मिळून लेखी करायला हवी.

मिरची_पपई_शहादा
करातलंही एक बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा जैविक कीटकनाशकांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. यादीत ट्रायकोडर्माच्या दोन जाती, स्युडोमोनास, बिव्हेरिया, बीटी (अळीनाशक जिवाणू), दोन एनपीव्ही, कडुनिंब आहेत. मेटारायझियम नाही, म्हणून त्यावर अजून १८ टक्के. हुमणीला आणि मक्यावरच्या लष्करी अळीला सगळ्यात उपयोगी बुरशी तीच, आणि तीच महाग. बिलात यादीतल्या ट्रायकोडर्मावर १८ टक्के लावले असतील तर परत मागा.

केळीबाग_रावेर
तर मग आमचं असं ठरतंय. यंदा नोंदणीकृत माल उगम प्रमाणपत्रावर कंपनीच्या दुकानातून विकायचा. कंपनी कुकर, खोली आणि शिकवणी देईल, आणि ज्याला घरचं बनवायचं तो मातृकल्चर स्वतःच्या नावाच्या पावतीवर आणेल आणि आपली पिशवी आपल्या वावरात नेईल. एवढं चालेल ना?

कलम_अठरा
मला ते सुटीत बसताना दिसतं. पण जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाला हेच शब्द लिहून लेखी उत्तर घ्या. प्रत्येक पिशवीवर सभासदाचं नाव आणि गट नंबर लिहा, नोंदवही ठेवा, आणि कंपनीच्या दुकानात एकही पिशवी ठेवू नका. दुकानात सापडलेली पिशवी ही विक्रीसाठी ठेवलेली समजली जाईल.

बुरशीघर_धुळे
आणि मातृकल्चरच्या नळीवर तारीख घाला. एकाच नळीपासून पिशवीवरून पिशवी वाढवत नेलं की तीन-चार पिढ्यांत जोर कमी होतो. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरात धरली तर नवी नळी ऑगस्टच्या शेवटी आणा.